पाठदुखीच्या गोळ्या उतरवायच्या कशा: किनाऱ्यावरच्या माणसांसाठी

किनाऱ्यालगतच्या एका गावात माझं मेडिकलचं दुकान आहे. सकाळी पहिल्या तासाभरात जी गिऱ्हाइकं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांकडे चिठ्ठी नसते. खिशातून पट्टीचा कापलेला तुकडा निघतो, काउंटरवर ठेवला जातो. नाव अर्धंच उरलेलं, मागची चंदेरी बाजू घामाने काळवंडलेली. "हीच दी." बोटीवर जाणारे, चिरेखाणीवरचे, बागेत राबणारे, मासळीची पाटी वाहणाऱ्या बाया. सगळ्यांचं दुखणं एकच, पाठ. आणि निम्म्यांना तरी आता त्या गोळीशिवाय अंथरुणातून उठवत नाही.

पाठ तीन महिन्यांहून जास्त दुखते आहे आणि गोळी लांबली की जीव कासावीस होतो, असं ज्यांना नुकतंच जाणवू लागलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं सांगणं असं: गोळी एकदम टाकू नका. आधी पाठ हलती करा. मग तुमच्या कामाचा हंगाम बघून, डॉक्टरांच्या हाताखाली, गोळी पायरीपायरीने उतरवा. किती आणि कधी कमी करायची हा निर्णय डॉक्टरांचा. पण त्यांच्यापुढे जाण्याआधी आणि गेल्यावर तुम्ही काय करायचं, ते खाली आहे.

पहिलं काम: घरातल्या सगळ्या गोळ्या एका जागी आणा

उशीखालच्या, देवघराच्या कोनाड्यातल्या, होडीतल्या डब्यातल्या, मुंबईहून भावाने आणलेल्या, शेजाऱ्याने दिलेल्या. सगळ्या ओटीवर मांडा. पट्टीवर मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीने दिलेलं नाव. त्याखाली बारीक अक्षरांत असतं ते खरं औषध. आपल्याला बारीक अक्षरं वाचायची आहेत. दिसत नसतील तर मुलाकडून मोबाइलवर फोटो काढून मोठी करून घ्या.

एका मावशींनी माझ्या काउंटरवर पिशवी उपडी केली होती. तीन वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या. "ही सकाळची, ही दुपारची, आणि ही शेजारणीन दिल्यान, ती रातची." तिन्हींवर बारीक अक्षरांत तेच होतं, ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल. नावं तीन, औषध एक. असं फार घरांत असतं. म्हणून आधी गट पाडा.

पॅरासिटामॉल. यातलं सगळ्यात सौम्य, पण मर्यादेत. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल. वजन कमी असेल, रोज दारू असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा त्याहून खाली येते, किती ते डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळीत, तापाच्या गोळीत आणि दुखण्याच्या बहुतेक जोडगोळ्यांत (एका गोळीत दोन औषधं) ते लपलेलं असतं, म्हणून सगळीकडचं मिळून मोजायचं.

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एटोरिकॉक्सिब, नायमेसुलाइड. सूज उतरवणारी ही औषधं. यांची मेंदूला सवय लागत नाही, पण रोज महिनोन्‌महिने घेतली तर पोटात व्रण होतात, रक्तस्राव होतो, रक्तदाब चढतो, किडनीवर मार बसतो. मे महिन्यात आंब्याच्या बागेत दिवसभर घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं आणि वर डायक्लोफिनॅक घ्यायचं, हे किडनीसाठी फार वाईट. शी डांबरासारखी काळी होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ज्या गुरांना डायक्लोफिनॅक टोचलं होतं त्यांची मढी खाऊन देशभरातली गिधाडं किडनी निकामी होऊन मेली. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसाची किडनी गिधाडापेक्षा बरंच सोसते, पण औषध तेच आहे.

ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन. ही अफूच्या जातीची. शरीराला सवय लागते ती यांची. ट्रॅमाडॉल एच-१ यादीत आहे. म्हणजे दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि किती दिल्या ते लिहून ठेवावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं आहे. चिठ्ठी मागणारा दुकानदार तुमची अडवणूक करत नसतो. चिठ्ठीशिवाय दोन पट्ट्या हातावर ठेवणारा मात्र तुमचं नुकसान करतोय.

प्रेगाबॅलिन आणि गॅबापेंटिन ही नसांच्या दुखण्याची औषधं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, एटिझोलाम ही झोपेची, चिंतेची. या दोन्ही गटांची सवय लागते आणि दोन्ही अचानक थांबवणं धोक्याचं. झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते.

शेवटचा ढीग बिननावाच्या पुड्यांचा. कागदात बांधलेली भुकटी किंवा सुट्या पांढऱ्या गोळ्या, "जडीबुटी आहे, दोन दिवसांत पाठ मोकळी". दोन दिवसांत खरंच मोकळी होत असेल तर आत स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्या. चेहरा गोल सुजल्यासारखा होणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं हे त्याचे परिणाम. आणि महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेततं. पुडी फेकू नका, ती डॉक्टरांना दाखवा.

आता एका वहीच्या पानावर लिहा: कोणती, किती ताकदीची, दिवसात किती वेळा, कधीपासून. खरं लिहा. दारू, माडी, तंबाखू पण लिहा. हे पान पुढे सगळीकडे लागणार आहे.

सवय लागली आहे का, ते ओळखणं

गोळीची वेळ टळली की जांभया येतात, नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा मारून जुलाब होतात, पाय स्वस्थ राहत नाहीत, झोप उडते. पूर्वी एकीत भागायचं, आता तीन लागतात. पट्टी संपत आली की दुसरं काही सुचत नाही. एका दुकानातून नाही मिळाली तर पुढच्या गावातल्या दुकानात जाणं होतं. दुखत नसतानाही "जरा बरं वाटावं" म्हणून घेतली जाते. वेळ टळल्यावरचा त्रास आणि एकीच्या जागी जास्त लागणं, या पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे नेमकी गोळी घेणाऱ्यालाही होतात. शरीर तसंच वागतं, त्यात माणसाच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. पुढच्या गोष्टी होऊ लागल्या असतील तर मदत जरा जास्त लागेल, एवढाच फरक. "डॉक्टरान लिवन दिलली गोळी, माका तिची सवय कशी लागतली?" असं अनेक जण विचारतात. लागते. कुणी लिहून दिली हे शरीर बघत नाही.

आणखी एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचा सगळा धीर तिच्यावर उभा आहे. अफूजातीचं औषध बरेच महिने घेतलं की दोन डोसांच्या मधल्या काळात अंग ठणकायला लागतं, आणि ते पाठीचंच दुखणं आहे असं वाटतं. पुढची गोळी घेतली की थांबतं, म्हणजे गोळीच पाठीवर लागू पडते असं मन मानतं. शिवाय काही जणांत हीच औषधं नसांना जास्त हळवं करतात आणि दुखणं वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अफूजातीच्या गोळ्या, कंबरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणं यांचा नेहमीच्या उपचारात वापर करू नये असं आहे. व्यायाम, दुखण्याची नीट समज आणि मनाला आधार देणारे उपचार यांची शिफारस आहे.

आधी या खुणा तपासा

यातलं एक जरी असलं तरी बाकीचं वाचत बसू नका, दवाखान्यात जा: लघवी अडली आहे किंवा कळत नकळत होते आहे, शी आवरत नाही, मांड्यांच्या मधली, बसायची जागा बधिर झाली आहे, पायातली ताकद कमी होत चालली आहे, चप्पल पायातून निसटते. पहिल्या तिन्हींत तासांचा प्रश्न असतो, उद्यावर टाकू नका. त्याशिवाय बारीक ताप, रात्री घाम आणि वजन घटणं असेल तर मणक्याचा क्षयरोग बघावा लागतो, तो आपल्याकडे आजही आढळतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा म्हातारं माणूस शेवाळलेल्या पायरीवरून घसरून आपटलं असेल, तरीही तपासणी लगेच.

यातलं काही नसेल तर बहुतेकांच्या पाठीत कुठेही काही मोडलेलं, सरकलेलं नसतं. एमआरआयच्या कागदावर "डिस्क बल्ज" वाचून माणसं खचतात. पण अजिबात पाठ न दुखणाऱ्यांचे एमआरआय काढले तेव्हा विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत तो फुगवटा दिसला. केस पिकावेत तसा तो वयाबरोबर येतो. कागदाला घाबरून अंथरूण धरणं हे पाठीला सगळ्यात जास्त बाधतं.

डॉक्टर कोण आणि कुठे

गोळी ज्यांनी लिहून दिली त्यांच्याकडे आधी जा. वहीतलं पान पुढे करा आणि सरळ सांगा, "गोळी कमी करायची आहे, पण चुकली की त्रास होतो." काही डॉक्टर ऐकतील, काही झटकून टाकतील. झटकलं तर दुसरीकडे जा, पण एकाच वेळी दोघांकडून गोळ्या घेऊ नका. एक डॉक्टर, एक दुकान. हा नियम तुमच्याच जीवासाठी आहे.

सरकारी बाजूला अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस इथली जिल्हा रुग्णालयं आहेत. तिथे मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग कधी असतो ते आधी फोन करून विचारा, म्हणजे एसटीचा खेटा फुकट जाणार नाही. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाला माणसं बिचकतात. "तिथे गेलो तर गाव काय म्हणेल?" गोळ्यांची सवय उतरवणं हे मानसोपचार डॉक्टरांच्या रोजच्या कामातलं आहे. त्यासाठी त्यांच्याकडे जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधंही असतात, ज्यांची गरज पडेल त्यांना. चिपळूणच्या बाजूच्या लोकांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याची माणसं गोव्यात बांबोळीला जातात, तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मानसोपचाराची वेगळी संस्थाही. दाखल होऊन राहायची वेळ आली तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय.

प्रवास जमत नसेल तर फोन आहे. टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. नाव सांगायला लाज वाटत असेल तर फोनवरून सुरुवात करा, पण करा.

हंगाम बघा

डॉक्टर सहसा हे विचारत नाहीत, म्हणून तुम्हीच सांगायचं. गोळी उतरवायला सुरुवात करायचे पहिले एक-दोन महिने कामाचा ताण कमी असलेले हवेत. ते प्रत्येकाचे वेगळे.

यांत्रिकी बोटीवरच्या माणसांना १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदीची मुदत सगळ्यात चांगली. जाळी ओढायची नाहीत, इंजिनाची थरथर नाही, बर्फाचे खोके नाहीत, रात्रीची झोप घरात. त्यासाठी मेच्या शेवटच्या आठवड्यातच डॉक्टरांना भेटून घ्या. जाळी विणायला, दुरुस्त करायला तासन्‌तास मान खाली घालून बसणं होतं, तेवढं सांभाळा.

भातशेती असेल तर तेच दोन महिने सगळ्यात वाईट. चिखलात वाकून लावणी चालू असताना डोस कमी करायला घेऊ नका. लावणी आटपल्यावर श्रावणात सुरू करा. श्रावण पाळणाऱ्यांची दारूही तेव्हा सुटलेली असते, त्याचा फायदा घ्या. मग गणपती येतात, ऑक्टोबरात कापणी-झोडणी. त्या दिवसांत डोस आहे तिथे थांबवायचा, वाढवायचा नाही, कमीही करायचा नाही. कापणी झाली की पुढची पायरी. आंबा-काजूवाल्यांनी मार्च ते मे सोडून द्यावा. झेल्याने आंबे उतरवणं आणि पेट्या उचलणं चालू असताना कुणाचीच पाठ साथ देत नाही. शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची असेल तर तो आठवडाही वगळा. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी महामार्गाचा प्रवास ज्या आठवड्यात आहे त्या आठवड्यात डोस बदलू नये.

पावसाळ्यात सुरू करत असाल तर एक सावधगिरी. घाटात दरड आली, साकव पाण्याखाली गेला, वीज गेली की औषध मिळत नाही, आणि गोळी अशी सक्तीने तुटणं फार त्रासाचं. पुढच्या भेटीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पाऊस बघून दोन दिवस आधीच दुकानात या.

गोळीला हात लावण्याआधी तीन-चार आठवडे पाठ हलवा

हा भाग बहुतेक जण गाळतात. गोळी कमी होते, तिच्या जागी काहीच आलेलं नसतं, आणि पहिल्याच वाईट रात्री माणूस परत पट्टीकडे वळतो.

सुरुवात चालण्याने. दहा मिनिटं चालल्यावर दुखणं वाढत असेल तर सात-आठ मिनिटांनीच थांबा, पण दिवसातून दोनदा, रोज. चार-पाच दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. बरं वाटलं म्हणून एका दिवशी तासभर चालायचं नाही आणि दुखलं म्हणून झोपून राहायचं नाही. ठरलेलं तेवढंच. आपल्याकडे उलटं होतं: पाठ जरा हलकी वाटली की त्याच दिवशी परसातलं सगळं गवत काढलं जातं, दोन घागरी जास्त आणल्या जातात, आणि पुढचे चार दिवस गोळ्यांवर जातात. हे चक्र मोडणं हाच निम्मा उपचार.

किनाऱ्यावर चालायचं तर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि कंबर ओढली जाते. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. म्हणून जेवढं गेलात तेवढंच त्याच वाटेने परत या, दोन्ही बाजूंना सारखा भार येतो. पावसात पडवीत येरझाऱ्या घाला.

त्याला तीन साधे व्यायाम जोडा. उताणं झोपून एकेक गुडघा छातीकडे आणणं. उताणंच, गुडघे वाकवून, कुल्ले हळूच वर उचलून पाच मोजणं. हात-गुडघ्यांवर येऊन पाठ मांजरासारखी वर फुगवणं आणि खाली सोडणं. प्रत्येक आठ-दहा वेळा. थोडं ताणल्यासारखं दुखलं तर चालेल. पायात चमक गेली किंवा मुंग्या वाढल्या तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. एकदोनदा तरी त्यांच्याकडून बरोबर करून घेणं चांगलंच.

कामात बदल करावे लागतील. लावणीत वीस-पंचवीस मिनिटांनी उभं राहून, कंबरेवर हात ठेवून, पाच वेळा मागे झुका. मुकादम रागावला तरी. चिरा, बर्फाचा खोका, आंब्याची पेटी दोघांनी उचला, अंगालगत धरा, उचललेल्या वजनासकट कंबर पिळू नका, पाय फिरवा. मासळीची पाटी डोक्यावर चढवताना आणि उतरवताना दुसऱ्या बाईची मदत घ्या, पाठ तिथेच धरते. घरात विळीवर तासभर बसण्यापेक्षा ओट्यावर सुरी वापरा. नारळ खोवायचाच असेल तर मध्ये उठा. एसटीत चाकावरची आणि शेवटची सीट टाळा. पट्टा बांधायचा तर जड कामापुरता. दिवसभर बांधून ठेवलात तर त्याच्याशिवाय उभं राहण्याची भीती वाटू लागते.

शेक चांगला. गरम पाण्याची पिशवी किंवा जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून. मधुमेह असेल, पाठीची कातडी बधिर असेल तर आधी हाताने ताप बघा, भाजलेलं कळत नाही. तेल लावून घेणंही सुखाचं आहे. फक्त बरोबर एखादी पुडी दिली तर घेऊ नका.

उतरवणं

वर्षभराहून जास्त काळ चाललेल्या अफूजातीच्या गोळीसाठी महिन्याला साधारण दहा टक्के हा वेग बऱ्याच जणांना झेपतो. काहींना याहून हळू लागतं, थोडे दिवस घेतलेल्यांना लवकरही जमतं. उदाहरण घेऊ. एक माणूस ५० मिलिग्रॅमच्या ट्रॅमाडॉलच्या चार कॅप्सूल घेतो, म्हणजे दिवसाला २००. त्यातली एक एकदम बंद केली तर चौथा हिस्सा गेला, ही उडी मोठी आहे. त्याऐवजी डॉक्टर एका कॅप्सूलच्या जागी ३७.५ मिलिग्रॅमची जोडगोळी देऊ शकतात. २०० चे १८७.५ झाले. काही आठवड्यांनी दुसरी बदलायची. त्या जोडगोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल येतं, ते तुमच्या हिशोबात धरा. शेवटची पायरी सगळ्यात अवघड वाटते, तिथे वेग आणखी कमी करा. मध्ये त्रास झाला तर त्याच पायरीवर काही आठवडे थांबायला हरकत नाही.

काय करायचं नाही तेही स्पष्ट सांगतो. पट्टीवर एसआर किंवा ईआर लिहिलेली गोळी मोडू नका, चावू नका, कुटू नका, कारण दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. ट्रॅमाडॉल आणि झोपेची गोळी दोन्ही असतील तर दोन्ही एकाच वेळी कमी करायला घेऊ नका. आधी कोणती ते डॉक्टर ठरवतील. नैराश्याची गोळी चालू असेल तर ट्रॅमाडॉलबरोबर फिट येण्याचा धोका वाढतो, ते डॉक्टरांना माहीत असायलाच हवं. माडी, काजूची दारू, कोणतीही दारू या दिवसांत नको. अफूजातीचं औषध, झोपेची गोळी आणि दारू यांतली दोन जरी एकत्र आली तरी झोपेत श्वास मंदावून थांबू शकतो. गुंगी असेल तर स्कूटरला किक मारू नका, बोटीचं सुकाणू धरू नका. गरोदर बाईने तर डोस स्वतःहून अजिबात बदलू नये.

डोस कमी केल्यावर बारा तास ते दोन दिवसांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतो, आठवड्यात ओसरतो. झोप मात्र पुढे काही आठवडे कच्ची राहते. ट्रॅमाडॉलमध्ये काहींना छातीत धडधड, भीतीचा झटका, अंगातून वीज गेल्यासारखं होतं. ते भयंकर वाटतं पण जातं. पायरी लहान असेल तर यातलं बरंचसं सौम्यच होतं. जुलाब झाले तर ओआरएस, मिठाची पेज, आटवल. मासे-मटण दोन दिवस नको. पाणी भरपूर. उलट्या थांबत नसतील, भ्रम होत असेल किंवा जीव द्यावासा वाटू लागला तर वाट बघू नका, डॉक्टर किंवा १४४१६.

मधूनच दुखणं उसळेल. उसळणारच, आणि त्याचा अर्थ काही मोडलं असा नाही. त्या दिवसासाठी काय करायचं ते आधीच वहीत लिहून ठेवा: शेक, पायांखाली उशी घेऊन वीस मिनिटं आडवं होणं, नेहमीच्या निम्मं चालणं, डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत पॅरासिटामॉल, आणि ज्याच्याशी बोलल्यावर बरं वाटतं त्या माणसाला फोन. दोन-तीन दिवसांत उतरतं.

घरच्यांनी

"सोड ना ती गोळी" असं दिवसातून चारदा म्हणून ती सुटत नाही. पट्ट्या तुमच्या ताब्यात घ्या, त्याच्या संमतीने, आणि रोजच्या रोज मोजून द्या. हिसकावून घेऊन समुद्रात किंवा खाडीत फेकू नका. एकदम तुटली तर माणूस कुठूनही मिळवतो. चिडचीड होईल, तो औषध उतरण्याचा भाग आहे. त्याच्याबरोबर चालायला जा.

आणि हे नक्की लक्षात ठेवा. डोस उतरल्यावर शरीराची जुनी सहनशक्ती गेलेली असते. सहा महिन्यांपूर्वी ज्या पाच गोळ्या पचत होत्या, त्याच पाच आज जीव घेऊ शकतात. उरलेल्या जुन्या पट्ट्या म्हणूनच घरात ठेवायच्या नाहीत. पुढच्या भेटीला डॉक्टरांपुढे किंवा तुमच्या मेडिकलवाल्यापुढे ठेवा आणि कशा नष्ट करायच्या ते विचारा. माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास फार सावकाश किंवा घरघर लागल्यासारखा असेल, ओठ निळसर झाले असतील, तर "झोपलाय, झोपू दे" म्हणू नका. १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, काय घेतलं त्याची पट्टी बरोबर द्या.

गोळी पूर्ण सुटल्यावरही वहीतलं ते पान पाकिटात ठेवा. पुढे कधी दाताचं काम निघालं, हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं, तर डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना ते आधी दाखवा. ऑपरेशननंतर दुखणं मारायला चांगलं औषध मिळणं हा तुमचा हक्क आहेच. फक्त किती दिवसांसाठी आणि कोण बंद करणार, हे घरी यायच्या आधी त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.